तिघांत तिसरा

७ सप्टेंबर २००३. मूल.

निर्णय झाला. धनुष्य बनवायचं. साधं नाही, रिकर्व्ह.

कारणं लिहून ठेवतो, पुढे मुलाखतीत कामी येतील. सरकारी नोकरीत खेळाडूंचा कोटा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण खेळ कुठला निवडायचा हे डोकं फक्त मला आहे. कबड्डीत गावागणिक पैलवान. क्रिकेटचं तर बोलूच नका. धनुर्विद्येत बांबूच्या साध्या धनुष्याचा गट असतो, पण त्यात जंगलाकडची पोरं-पोरी झुंडीने येतात आणि गप्पा मारता मारता टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बाण मारतात. रिकर्व्हच्या गटात मात्र शुकशुकाट. ते धनुष्य बाहेरून मागवावं लागतं, म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. टपरीवर पक्की खबर मिळाली की गेल्या वर्षी अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यातून रिकर्व्हला दोनच जण होते. मेडलं तीन असतात. म्हणजे एक मेडल दरवर्षी बेवारस पडून राहतं आणि कोणी जाऊन उचलत नाही!

मी उचलणार. तिघांत तिसरा यायला बाण टार्गेटला लागायचीही गरज नाही. फक्त हजर राहायचं आणि हातात रिकर्व्ह हवं.

घाई का? वयाची अट मार्चमध्ये संपते. आणि पोंभुर्ण्याच्या पत्रूभाऊंची मुलगी आचल. आमची बोलणी तीन वर्षांपासून चालू आहेत, म्हणजे आमच्या बाजूने चालू आहेत. पत्रूभाऊ दर वेळी म्हणतात, नोकरी लागली का सांगजा. वामनरावांच्या राइस मिलमध्ये मी सुपरवायझर आहे, पण पत्रूभाऊ त्याला नोकरी म्हणत नाहीत, कारण ती तात्पुरती आहे. गेली नऊ वर्षं तात्पुरती आहे.

आचल मला आवडते. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहायची सोय नाही.

९ सप्टेंबर

वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकात रिकर्व्हचा फोटो सापडला. पान फाडलं नाही, ते आधीच सैल होतं.

रिकर्व्ह म्हणजे काय, तर धनुष्याची दोन्ही टोकं पुढच्या बाजूला, शत्रूकडे वळलेली असतात. त्यामुळे ताकद वाढते. का वाढते ते पुढच्या पानावर होतं. ते पान सैल नव्हतं.

बाबांना समजावून सांगितलं. बाबांचं सगळं आयुष्य तलावात जाळी टाकण्यात गेलं, त्यांना टेक्निकल गोष्टी जरा सावकाश सांगाव्या लागतात. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘धनुष्य तं पैलेच वाकडं रायते. त्याले आणखीन उलटं काऊन वाकवतं?’ उत्तर देणार होतो, पण आईने जेवायला वाढलं.

१४ सप्टेंबर

मटेरियल फायनल. बांबू चांगला मुरलेला पाहिजे. बाजारातला ओला असतो. घरातली शिडी मात्र माझ्या दहावीच्या वर्षीची आहे. इतका सीझन केलेला बांबू परदेशातही मिळत नसेल. शिडीच्या दोन्ही उभ्या दांड्या सोडवल्या. पायऱ्या आईला चुलीसाठी दिल्या. थँक्यू नाही, काही नाही. उलट तोंड सुटलं ते संध्याकाळपर्यंत.

१७ सप्टेंबर

वांदरांनी छपरावर धिंगाणा घातला. कवेलू फुटले. पाऊस आला आणि पाणी नेमकं माझ्या उशीवर. बाबा शेजाऱ्यांकडे शिडी मागायला गेले. शेजाऱ्यांनी विचारलं, तुमची कुठी गेली? बाबांनी काय सांगितलं कळलं नाही, पण शेजारी आज माझ्याकडे बघून हसले. प्रसिद्धी ही अशी हळूहळू सुरू होते.

२० सप्टेंबर

आजचा दिवस ऐतिहासिक.

दांड्या चिरून केलेल्या पट्ट्या वळवायला वाफ लागते. पाश्चात्त्य लोक त्यासाठी लाकडी पेट्या बनवतात, किटल्या लावतात, काय काय करतात. आमच्या मिलमध्ये उसना तांदूळ होतो. धान भिजवून टाकीत वाफवायचं, मग वाळवून भरडायचं. त्या वाफेच्या नळाची चावी गेली नऊ वर्षं माझ्या हातात आहे. ती कशासाठी होती ते आज कळलं.

पट्ट्या सुतळीने बांधून धानासोबत टाकीत सोडल्या. बाहेर काढल्या तर मऊसूत! ट्रकच्या जुन्या रिमवर वळवून बांधून ठेवल्या. वास थेट गरम भाताचा येतो. शत्रूला भूक लागेल.

संध्याकाळी वामनरावांनी धानात बांबूच्या ढलप्या कुठून आल्या म्हणून विचारलं. टोपलीच्या असतील म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘हेमराज, तू इतल्या वर्षांपासून इथी हायेस, पण तू काय काम करतं ते मले अजून समजलं नाई.’ मी हसलो. मोठी माणसं अशी थट्टा करतात तेव्हा आपण मनावर घ्यायचं नसतं.

२७ सप्टेंबर

पट्ट्यांचे थर एकावर एक चिकटवले. याला लॅमिनेशन म्हणतात. सुतारकामाचा गोंद, भरपूर. आता दाब पाहिजे. पुस्तकी लोक इथे शिकंजे वापरतात. मी दोन्ही हात (धनुष्याचे) रिमच्या तुकड्यांसकट मिलच्या गोदामात तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीखाली घातले. एक या थप्पीखाली, दुसरा त्या थप्पीखाली. इतका दाब जगात कुठल्याही धनुष्याला मिळाला नसेल.

तीन दिवस हात लावायचा नाही. संयम हाच खेळाडूचा दागिना.

३० सप्टेंबर

काल रायपूरचा ट्रक भरला. मला कोणी विचारलं नाही. मी टपरीवर होतो, पण निरोप पाठवता आला असता.

एक थप्पी गेली. तिच्याखालचा हात सर्वांत खालच्या पोत्याला चिकटून गेला. हमाल म्हणतात, ओढून पाहिला, निघाला नाही, मग वाटलं मालाची खूण असेल. म्हणून पोत्यासकट चढवला.

सकारात्मक बाजू: गोंद अप्रतिम आहे.

८ ऑक्टोबर

दसरा झाला. लोक शस्त्रपूजन करतात, माझं अर्धं शस्त्र रायपूरला. तरी जे होतं त्याला झेंडूचं फूल वाहिलं.

नवा हात बनवला. शिडी संपली होती, म्हणून आईची कपडे वाळवायची काठी घेतली. हा हात जुन्यापेक्षा चार बोटं लांब झाला. मासिकातल्या फोटोतही वरचा हात जरा मोठा वाटतो. निदान फोटो तिरका धरला तर वाटतोच.

मधल्या मुठीसाठी सागवान लागलं. बाबांच्या बाजेचा एक पाय अस्सल सागवानी होता. तिथे विटा रचून दिल्या. बाबा आडवे झाले, बाज डुगडुगली. म्हणाले काहीच नाहीत. त्यांना अभिमान वाटत असेल, पण आमच्या घरात बोलून दाखवायची पद्धत नाही.

१२ ऑक्टोबर

दोरी चढवली! बाबांच्या जाळ्याची नायलॉन दोर, तिहेरी पीळ. बाबा जाळं शोधत होते. मी काही बोललो नाही, कारण मला थेट कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट लक्षात आली. मासिकवाल्यांनी फोटो उलटा छापलाय. टोकं बाहेर ठेवून दोरी लावायला गेलो तर धनुष्य हातातून निसटून पाठीवर बसलं. मग डोकं चालवलं. टोकं ज्या बाजूला वळली आहेत त्याच बाजूला दोरी लावली, तर कशी आरामात बसली! गोल, सुंदर, शाळेच्या चित्रकलेच्या वहीतल्यासारखं धनुष्य. छापील गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

पहिला बाण. अंगणातच पडला. कोंबडी उठून दोन पावलं सरकली आणि परत बसली. सुरुवात म्हणून उत्तम.

१९ ऑक्टोबर

पोंभुर्ण्याला जाऊन आलो. पत्रूभाऊंना सगळी योजना समजावून सांगितली. अर्धा तास बोललो. धनुर्विद्येचं मेडल म्हणजे सरकारी नोकरी, यात ‘जर-तर’ नाहीच. मेडल गळ्यात, ऑर्डर हातात. पत्रूभाऊंना पटतंय असं दिसलं. त्यांनी तीन-तीनदा खात्री करून घेतली. ‘म्हंजे कोणाच्याई गळ्यात असलं तरी लागते?’ मी म्हणालो, कोणाच्याही. शासन गळा बघत नाही, मेडल बघतं. ते बराच वेळ मान हलवत होते. माझं बोलणं माणसाच्या आत उतरतं, हे मी आधीही अनुभवलं आहे.

आचलने चहा आणला. विचारलं, ‘तुम्ही खरंच बाण मारता, का नुसतं बनवूनच राह्यले?’ मी म्हणालो, डिसेंबरात कळेल. ती हसली. ती हसली की मला पुढचं वाक्य आठवत नाही, म्हणून कप उचलला तर तो रिकामा. रिकामाच प्यालो.

येताना बसमध्ये संकल्प: रोज पहाटे पाचला उठून सराव.

२० ऑक्टोबर

थंडी सुरू झाली. उद्यापासून.

२७ ऑक्टोबर

दिवाळी. या दिवसांत कोणीच सराव करत नाही.

२ नोव्हेंबर

कुलदीप आला होता. हा कुलदीप रामटेके पोस्टात आहे, इथेच मूलला. त्याच्याकडे खरं विकतचं रिकर्व्ह आहे, मामाने पुण्याहून आणून दिलेलं, सेकंडहँड. (माझं फर्स्टहँड आहे.) गेल्या वर्षीच्या दोघांपैकी एक हाच. त्याला नोकरी आहेच, तरी खेळतो. लोकांना हाव सुटत नाही.

माझं धनुष्य बघून त्याचा चेहराच बदलला. खाली बसला, हातात घेऊन फिरवलं, आणि फार हळू आवाजात म्हणाला, ‘हेमराजभाऊ, हे तुम्ही उलटं बांधलं.’ म्हणे टोकं पुढे गेली पाहिजेत, दोरी मागून. मी त्याला चहा दिला. जळणाऱ्या माणसाशी वाद घालू नये. जाताना म्हणाला, ‘बरं झालं भाऊ तुम्ही आले. यंदा मजा येईन.’ मेडल हातचं जाणार यात कसली मजा? पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही त्याने, हे मानलं पाहिजे.

संध्याकाळी ६

तो गेल्यावर सहज, केवळ खोडून काढायला म्हणून, दोरी उलटी लावून पाहिली. म्हणजे त्याच्या मते सुलटी. आई एका टोकावर बसली, बाबा दुसऱ्या टोकावर, मी मध्ये गुडघा दिला. चढली.

बाण ओढला. सोडला. बाण दिसलाच नाही. पलीकडे मिलच्या पत्र्यावर टण्णकन वाजलं आणि वामनराव ओरडत बाहेर आले.

बाबा पत्र्याकडे बघत होते आणि त्यांचं तोंड उघडं होतं. हे मी बनवलं. शिडी, काठी, बाजेचा पाय, जाळ्याची दोर, यातून. मला रडायला आलं. खरंच आलं, खोटं कशाला लिहू.

(दोरीचा हा प्रकार मला आधीच सुचला होता, फक्त करून बघायचा राहिला होता.)

९ नोव्हेंबर

वरचा हात लांब असल्यामुळे बाण नेहमी डावीकडे वर जातो. दर वेळी, न चुकता. कुलदीप म्हणतो हात कमी करा. मी म्हणतो कशाला? टार्गेटच्या उजवीकडे खाली नेम धरायचा. याला सायन्स म्हणतात. आज सरावात बाण कुलदीपच्या सायकलच्या टायरला लागला. ती टार्गेटच्या डावीकडे, वर बांधावरच उभी होती, म्हणजे सायन्स बरोबरच आहे.

त्याने मला त्याचे जुने अॅल्युमिनियमचे बाण दिले. ‘राहू द्या,’ म्हणाला. मी राहू दिले.

२२ नोव्हेंबर

स्पर्धा १४ डिसेंबरला, रविवारी, चंद्रपूरला. आज नावं पक्की झाली. रिकर्व्ह, पुरुष: कुलदीप, चिमूरचा स्वप्निल मांढरे म्हणून कोणी, आणि मी. गेल्या वर्षीचा दुसरा यंदा नाही. तरी तीन! टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. मेडल माझ्या खिशात आहे, फक्त द्यायचं बाकी आहे.

स्पर्धेचं नियमपत्रक मिळालं. पहिली बाजू वाचली. टोपी चालते.

२३ नोव्हेंबर

स्वप्निलला पीसीओवरून फोन केला. त्याच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर कुलदीपकडून घेतला. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करावा लागतो. फार नम्र पोरगा. मला ‘सर’ म्हणाला. मला आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं, मिलमधले लोकही म्हणत नाहीत. म्हणे कुठल्याशा क्लबाचं उसनं धनुष्य आहे, यंदा पहिलीच वेळ, काही माहीत नाही, सर तुम्हीच सांगा. मी सांगितलं की चिंता नको, तयारीचं सगळं मी कळवीन.

३० नोव्हेंबर

मूलच्या बाजारात पत्रूभाऊ भेटले. आचलही होती, वांगी निवडत होती. पत्रूभाऊंनी विचारलं, तिसरा नंबर म्हणजे कितवा मोठा? मी म्हणालो, ब्राँझ. ते म्हणाले, ‘किती जणाईत?’ मला पटकन खोटं सुचलं नाही. म्हणालो, तिघांत.

आचलने वांगं खाली ठेवलं आणि तोंडावर पदर धरला. पत्रूभाऊंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, बाकीकडूनबी विचारणं येऊन राह्यले, बाबू. मार्चच्या आत काय ते होऊ द्या.

ब्राँझ कमी पडतंय. सिल्व्हर पाहिजे. तिघांत तिसरा म्हटलं की लोक हसतात. दोघांत दुसरा म्हणायची तर गरजच नाही, नुसतं ‘दुसरा’ म्हणायचं.

५ डिसेंबर

विचार केला. कुलदीप तर येणारच. माझे बाण त्याचेच आहेत, त्यामुळे त्याला रोखणं बरं दिसत नाही.

७ डिसेंबर

चिमूरला फोन केला. स्वप्निलला सांगितलं की स्पर्धेची जागा बदलली, आता गडचिरोलीला आहे, तारीख तीच, मैदानावर जाऊन विचार. गडचिरोली का? दूर आहे म्हणून. त्याने तीनदा थँक्यू सर म्हटलं.

हे खोटं नाही. गडचिरोलीलाही मैदान आहे आणि तिथे विचारता येतं. खेळाडूने स्वतः चौकशी करायची असते. शिवाय पोरगा लहान आहे, त्याला अजून किती वर्षं पडली आहेत. माझी मार्चमध्ये संपतात. त्याला कळलं असतं तर तो स्वतःच म्हणाला असता, सर, तुम्ही व्हा पुढे.

जेवण गेलं नाही. बहुतेक दुपारची वांगी.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

मी आणि कुलदीप सकाळच्या एसटीने पोचलो. मैदानावर बांबूच्या धनुष्यवाल्यांची जत्रा. कोणी अहेरीकडून आत्याकडे राहायला आलेलं, कोणी कोरपन्याचं, सगळी हसत-खिदळत. माझ्या धनुष्याभोवती गर्दी जमली. एका पोरीने वास घेतला आणि भाताचा येते म्हणाली.

रिकर्व्हवाले पुढे या, असं माइकवर पुकारलं. आम्ही दोघं गेलो. पंचांनी कागद बघितला, तिसरा कुठे विचारलं. मी म्हणालो, नसेल आला, सुरू करा. ते म्हणाले थांबू. मी मनात हसत होतो. सिल्व्हर कसं दिसतं, रिबन कुठल्या रंगाची, हे बघून ठेवलं.

बारा वाजता परत माइकवर: तीनपेक्षा कमी खेळाडू असल्याने रिकर्व्ह पुरुष गट रद्द.

मी म्हणालो, नियम दाखवा. त्यांनी दाखवला. माझ्याच खिशातल्या पत्रकात होता. दुसऱ्या बाजूला.

कुलदीप बाजूला जाऊन बसला. मी गेलो तर म्हणाला, गेल्या सालीबी दोघंच होतो म्हणून रद्द झालं. ‘यंदा तुमच्यामुळं वाटलं का होईन. सालभर रोज सकाळी मारले भाऊ. तो चिमूरवाला काऊन नाई आला, काय माईत. गाडी चुकली असन बिचाऱ्याची.’ आणि वर मलाच म्हणाला, वाईट नका वाटून घेऊ. मला त्याच्याकडे बघवलं नाही. ऊन डोळ्यांवर होतं.

पंचांना दया आली. म्हणाले, इतके दुरून आले तर एकेक बाण मारून दाखवा, प्रदर्शन म्हणून. मी उजवीकडे खाली नेम धरला. सोडला.

पिवळ्यात. बरोब्बर मधोमध पिवळ्यात! सगळं मैदान ओरडलं. बांबूवाली पोरं शिट्ट्या मारत होती, कुलदीपने मला उचललं. असा बाण मी आयुष्यात मारला नव्हता, आणि बहुतेक मारणारही नाही.

पंचांनी टाळ्या वाजवल्या, बाण उपटून परत दिला. नोंद कुठेच नाही.

२१ डिसेंबर

आठवडाभर लिहिलं नाही. बिझी होतो.

शांतपणे विचार केल्यावर चूक कोणाची ते स्पष्ट होतं. एक, नियम बनवणाऱ्यांची. पत्रकाला दोन बाजू असतात हे पहिल्या बाजूवर लिहायला हवं. दोन, त्या स्वप्निलची. मोठ्या माणसाने फोनवर सांगितलं म्हणून कोणी गडचिरोलीला जातं का? एवढा भाबडा माणूस खेळात टिकायचा नाही.

धनुष्याचा वरचा हात सुटायला लागला. थर मोकळे होतायत. गोंदाचं मी आधी जे लिहिलं ते रायपूरच्या हातापुरतं खरं होतं.

२८ डिसेंबर

दुपारी दारात एक पोरगा. हातात पेढ्यांचा डबा. मी ओळखलं नाही. त्याने वाकून माझे पाय धरले आणि म्हणाला, सर, मी स्वप्निल.

मला वाटलं, मारायला आला. पाय धरून खाली ओढणार. पण तो हसत होता. आई-बाबांनी त्याला बसवलं. त्याने जे सांगितलं ते असं: तो गडचिरोलीला गेला. मैदानावर विचारलं. त्या दिवशी तिथे खुली स्पर्धा होती, कोणत्याही जिल्ह्याचा चालत होता. रिकर्व्हला दोघेच आले होते आणि गट रद्द व्हायची वेळ आली होती. हा उसनं धनुष्य घेऊन उभा दिसल्यावर त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं. ‘तिघंच होतो सर. मी तिसरा आलो.’

मेडल दाखवलं. सर्टिफिकेट दाखवलं. गोल शिक्का, सही, सगळं. म्हणाला, जागा बदलली हे फक्त तुम्हीच मला सांगितलं, दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं होते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग पेढा खाल्ला. मी म्हणालो, माझं कर्तव्य होतं.

११ जानेवारी २००४

पत्रूभाऊ सकाळीच आले. मी आत जाऊन शर्ट बदलला. आईने पोहे टाकले. मला वाटलं, पिवळ्यातल्या बाणाची बातमी पोंभुर्ण्याला पोचली. पोचायलाच हवी होती, मी दोन कंडक्टरांना सांगितली होती.

पत्रूभाऊ बाजेवर बसले. बाज डुगडुगली, ते सावरले. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, एक चौकशी कराची होती. आपल्याकडे पोरगी द्यायची तर पोराबद्दल चार ठिकाणी विचारून घेतात, ही रीतच आहे. मला वाटलं माझ्याबद्दल मलाच विचारणार, हे जरा नवीन.

ते म्हणाले, ‘चिमूरचा पोरगा हाये, मांढऱ्याचा, स्वप्निल. मेडल भेटलं त्याले. तुम्हीच सांगतलं होतं ना बाबू, कोणाच्याई गळ्यात असलं तरी नोकरी लागते. म्हणून म्या शोधलंच तसं पोरगं. पण मेडल खरं हाये का बनावट, मले काय समजते? तुम्ही त्यातले जाणकार. पोरगा कसा हाये?’

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे तीन उत्तरं तयार झाली. एक, गडचिरोलीची स्पर्धा मान्यताप्राप्त नाही. दोन, धनुष्य उसनं आहे, माणूसही तसाच असेल. तिसरं उत्तर तर फार चांगलं होतं, त्यात दारू होती.

तेवढ्यात पत्रूभाऊ म्हणाले, ‘चार ठिकाणी जाणार होतो, पण आचलच म्हणाली, कुठी जाऊ नका. हेमराजभाऊले विचारा, ते खोटं नाई सांगत.’

आई पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होती. बाबा खाली बघत होते.

मी म्हणालो, मेडल खरं आहे. शिक्का मी बघितला. पोरगा चांगला आहे, नम्र आहे, पोरीला त्रास द्यायचा नाही. पत्रूभाऊंचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी पोहे खाल्ले, आईला म्हणाले लग्नाले याच लागते, आणि दारातून वळून मला म्हणाले, तुमचंबी कुठी जमलं तं सांगजा. मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडून आलो. बस लगेच लागली.

फार वाईट वाटतंय. झोपलो तरी जात नाही, उठलो तरी जात नाही.

बाकी, आचल ‘हेमराजभाऊ’ म्हणाली त्याचं म्हणाल, तर भाऊ आमच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात. कुलदीप मला म्हणतो, मी टपरीवाल्याला म्हणतो, बसमध्ये कंडक्टरलाही म्हणतात. त्यात विशेष असं काही नसतं.